एकाच घरातल्या दोन गाड्या: रावेरकडच्या एका डिझेल इंजिनाचं प्रकरण

रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदार कुटुंबात 2021 च्या दिवाळीला एकाच मॉडेलच्या दोन डिझेल एसयूव्ही आल्या. मालक चुलत भाऊ, खरेदी एकत्र, रंग तेवढा वेगळा. थोरल्यांची गाडी 31 हजार किलोमीटरवर टोचन करून भुसावळला माझ्या गॅरेजात आली. धाकट्यांची तोवर 1 लाख 28 हजार किलोमीटर चालली होती आणि तिच्या इंजिनाला अजून पाना लागलेला नव्हता. घरात निवाडा आधीच होऊन गेला होता: थोरल्यांच्या वाट्याला खराब पीस आला.

असं कधी कधी खरंच होतं. कास्टिंगमध्ये दोष राहतो, एखादं बेअरिंग चुकीच्या मापाचं बसतं. पण या गाडीत तसं काही नव्हतं, आणि जे होतं ते खान्देशात बऱ्याच शेतकऱ्यांच्या दारात उभं आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो. थोरल्यांना इथे आप्पा म्हणतो, धाकट्यांना नाना. गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा विषय एका कंपनीचा नाही. 1 एप्रिल 2020 ला देशात गाड्यांच्या धुरासाठीचं बीएस-6 मानक लागू झालं, तेव्हापासून विकल्या गेलेल्या डिझेल कारच्या सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी अडवणारी, डीपीएफ नावाची जाळी असते. सगळं प्रकरण त्या जाळीपासून सुरू होतं.

गाडीचा रोजचा दिवस

आप्पांचं वावर घरापासून तीन किलोमीटरवर, शिवरस्त्यानं. सकाळी तिकडे, तिथून दुसऱ्या तुकड्यात, जेवायला घरी, दुपारी ड्रिपचं सामान आणायला सावदा नाहीतर फैजपूर, संध्याकाळी पुन्हा वावर. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) दोन्ही असल्यामुळे कापणी वर्षभर कुठे ना कुठे चालू. काळ्या मातीतला रस्ता, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात कडक चाकोऱ्या. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जायची. कापणीच्या दिवशी घड बांधावर येऊन ट्रक भरेपर्यंत आप्पा गाडीतच बसायचे, एसी लावून, इंजिन चालू ठेवून. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. साठी ओलांडलेल्या माणसानं त्या उन्हात बांधावर उभं राहावं, असं मी तरी म्हणणार नाही.

नाना व्यापार बघतात. पारोळा, धुळे, साक्री, पुढे कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर आणि सुरत. नाहीतर शिरपूरवरून इंदूर. त्यांची गाडी सुरू झाली की तासन्‌तास पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये चालते.

इंजिन तेच, डिझेल बहुतेक वेळा गावाजवळच्या त्याच पंपावरचं. सर्व्हिस सेंटरही तेच.

पिवळा दिवा

2023 च्या पावसाळ्यात आप्पांच्या मीटरवर पहिल्यांदा पिवळा दिवा लागला, सायलेन्सरच्या चित्रात ठिपके असलेला. सर्व्हिस सेंटरनं गाडी उभी ठेवूनच, मशीन लावून, इंजिन वरच्या आरपीएमवर चालवून जाळीतली काजळी जाळून दिली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "हायवेवर पळवत जा." का पळवायची, किती वेळ पळवायची, हे कुणी सांगितलं नाही. शेतावर जाणाऱ्या गाडीला हायवे कुठून आणायचा, हा प्रश्न ड्रायव्हरलाही पडला असणार. तो विचारला गेला नाही.

दिवा परत लागला. मग घरात तर्क सुरू झाले. पहिला संशय डिझेलमध्ये भेसळ असल्याचा, म्हणून पंप बदलला, डिझेल फिल्टर बदलला. त्याच पंपावरच्या डिझेलवर नानांची गाडी व्यवस्थित चालत होती, हा पुरावा समोर असूनही कुणाच्या ध्यानात आला नाही. दुसरा संशय उन्हाचा. पण बाहेरच्या उन्हाशी या जाळीचं फारसं देणंघेणं नाही. काजळी जाळायला तिला 600 अंश लागतात, तिथे आपले 45 काय करणार? तिसरा संशय इंजेक्टरवर. तेही काढून साफ करून आणले. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस गाडी बरी वाटायची आणि पुन्हा ओढ कमी व्हायची.

या सगळ्या काळात खरी खूण एकाच माणसाच्या हातात होती. आप्पांचा ड्रायव्हर दर आठवड्याला ऑइलची पट्टी काढून बघायचा. इतकी नीट सवय मी थोड्याच ड्रायव्हरांमध्ये पाहिली आहे. त्याला दिसत होतं की ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढतंय. त्यानं घरी सांगितलंही होतं, पण चांगली बातमी म्हणून. मला म्हणाला, "ऑइल वाढू राह्यलं भाऊ, कमी थोडंच होऊ राह्यलं." उभी हयात ट्रॅक्टर आणि जुन्या जीपवर गेलेला माणूस. त्या इंजिनांमध्ये ऑइल कमी होणं हाच धोका असतो. वाढलेलं ऑइल त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला मी दोष देणार नाही. त्याच्या हातातल्या गाडीचं इंजिन नव्या तऱ्हेचं आहे, हे सांगणं विकणाऱ्याचं काम होतं.

2025 च्या उन्हाळ्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा, शिट्टी मारायला लागला. पुढे काही दिवसांनी, चोपड्याला लग्नाला जाताना, यावलच्या अलीकडे इंजिनातून ठोके येऊ लागले आणि स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, ऑइलचा लाल दिवा मिणमिणला. ड्रायव्हरनं तिथेच इंजिन बंद केलं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, वाचला तो या एका निर्णयामुळे.

ऑइल वाढतं कसं

बीएस-4 मध्ये डिझेल कारला एका किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. बीएस-6 नं ती 4.5 मिलिग्रॅमवर आणली. एवढं कमी करायचं तर काजळी गाळावीच लागते. डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची जाळी. तिच्यात हजारो बारीक नळ्या असतात, एक पुढून बंद, तिच्या शेजारची मागून बंद. धूर नळीच्या भिंतीतून झिरपून जातो, काजळी आत राहते.

साठलेली काजळी जाळावी लागते. गाडी मोठ्या रस्त्यावर भार घेऊन चालत असेल तर एक्झॉस्टच्या उष्णतेनंच थोडी थोडी जळत राहते. तेवढ्यानं भागलं नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतः जाळायला घेतं. त्यासाठी इंजेक्टर पॉवर स्ट्रोक संपत आला असताना जास्तीचं डिझेल सोडतो. ते सिलिंडरमध्ये कामाला येत नाही. बाहेर जाऊन कॅटलिस्टवर जळतं, तापमान 600 अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी पेटते. दहा ते वीस मिनिटं हे अखंड चाललं पाहिजे. स्लोवर उभ्या गाडीचा एक्झॉस्ट जेमतेम दीडशे-दोनशे अंशांवर असतो. तिथून 600 पर्यंत पोचायचं, तेही तीन किलोमीटरच्या रस्त्यात!

आप्पांच्या गाडीत व्हायचं असं: ईसीयू जाळायला सुरुवात करी, इंजेक्टर जास्तीचं डिझेल सोडू लागे, आणि तेवढ्यात वावर आलं की इंजिन बंद. पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून. दरवेळी त्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीला लागून, रिंगांमधून खाली, इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलात उतरायचा. पेट्रोल ऑइलात उतरलं तर इंजिन तापल्यावर बरंचसं उडून जातं. डिझेल जड असतं. त्याचं उकळणं साधारण 180 अंशांपासून पुढे सुरू होतं आणि ऑइल शंभरच्या आसपास असतं. ते तिथेच राहतं, साठत जातं.

चेंबरचा बोल्ट मी आप्पांसमोर काढला. साडेपाच लिटरच्या इंजिनातून सात लिटरच्या जवळपास काळं पाणी निघालं. पाणीच म्हणतो, कारण बोटांमध्ये चोळलं तर तार धरत नव्हतं आणि वास उघड डिझेलचा होता. आप्पा वाकून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. तो थरच राहिला नव्हता. शाफ्टला हातानं जाणवेल एवढा प्ले (ढिलेपणा), इंटरकूलरच्या नळीत ऑइल. खाली क्रँकवरच्या बिग एन्ड बेअरिंगांवरचा राखाडी मुलामा जाऊन दोन शेलवर तांबं दिसत होतं. क्रँकवर ओरखडे होते, पण मापात बसला. पॉलिशवर भागलं, ग्राइंडिंग टळलं. हेड उघडलं, सिलिंडर ठीक. म्हणजे लोखंडात दोष नव्हता. पीस चांगला होता.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती जिवाशी आहे. जाळी पेटलेली असताना गाडीखालचा सायलेन्सर अतिशय तापतो. केळीची वाळलेली पानं, पऱ्हाटी, गव्हाचं काड यांवर अशी गाडी उभी केली तर खालून आग लागू शकते. आप्पांची गाडी रोज नेमकी अशाच जागी उभी राहायची. गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, जळका वास येतोय, त्याआधी स्लोचे आरपीएम नेहमीपेक्षा चढलेले होते, असं दिसलं तर जाळणं अर्धवट राहिलंय असं समजावं आणि गाडी निदान मोकळ्या मातीवर घ्यावी.

तासांचा हिशोब

आप्पांना सगळ्यात जास्त सलत होतं ते किलोमीटर. "31 हजारात इंजिन जातं का हो? नानाची बघा." म्हणून नानांचीही गाडी बोलावली आणि दोन्हींना स्कॅनर लावला.

नानांच्या गाडीत जाळी साधारण साडेचारशे-पाचशे किलोमीटरला एकदा जळत होती आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पूर्ण. आप्पांच्या गाडीत पन्नास-साठ किलोमीटरलाच जाळायची वेळ येत होती आणि चारातले तीन प्रयत्न अर्धवट. हे अपेक्षितच होतं. मला थांबवलं ते पुढच्या आकड्यानं. आप्पांचं इंजिन एकूण चाललं होतं सुमारे 2,400 तास. नानांचं, सुमारे 2,450.

किलोमीटरमध्ये चौपटीचा फरक, आणि तासांत दोन्ही इंजिनं एकाच वयाची! आप्पांचा सरासरी वेग, बांधावर उभं राहणं धरून, ताशी 13 किलोमीटर; नानांचा 52. आता ऑइल बदलण्याचा नियम बघा: 10 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. नानांचे 10 हजार किलोमीटर म्हणजे 190-195 तास. आप्पांचे 10 हजार म्हणजे जवळपास 770 तास, तेही डिझेल मिसळत चाललेल्या ऑइलवर. वर्षाची अट पाळली असती तर थोडं सावरलं असतं. पण "किलोमीटर झाले नाहीत" म्हणून एक सर्व्हिस चार-पाच महिने लांबली. एकदा तर ऑइल घरच्या घरी, ट्रॅक्टरच्या ड्रममधलं घातलं गेलं. डीपीएफच्या इंजिनाला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळून जाते, पण ऑइलातल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते.

मी आप्पांना विचारलं, ट्रॅक्टरचं ऑइल कधी बदलता? "अडीचशे तासाला," लगेच उत्तर आलं. ट्रॅक्टर किती किलोमीटर चालला हे आजवर कुणी विचारलं नाही, कारण नांगरताना तो दिवसभर चालूनही गावातच असतो. आप्पांची एसयूव्ही त्यांच्या ट्रॅक्टरसारखीच राबत होती आणि तिची निगा मात्र सुरतेला जाणाऱ्या गाडीच्या हिशोबानं ठेवली जात होती. हे एवढं बोलल्यावर पुढचं मला समजावून सांगावं लागलं नाही. शेतकऱ्याला तासांचा हिशोब शिकवावा लागत नाही. कारच्या पुस्तकात तो त्याच्यापुढे कुणी मांडत नाही, एवढंच.

जाळी काढून टाकण्याचा सल्ला

गाडी माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजनं आप्पांना सांगितलं होतं: जाळी कापून काढू, ईसीयू रिमॅप करू, कटकट संपेल. हा सल्ला खान्देशात सर्रास दिला जातो आणि घेतलाही जातो, म्हणून त्याबद्दल सरळ लिहितो. जाळी काढून प्रोग्रॅम बदलला तर जास्तीचं डिझेल सोडणं थांबतं आणि ऑइल वाढणंही थांबतं. तेवढं खरं आहे, आणि म्हणूनच लोक त्याला बळी पडतात.

मी ते करत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम 190 लागतं. वॉरंटी तर त्या क्षणी संपते. पण कायद्यापेक्षा मला वेगळंच टोचतं. आप्पांची गाडी बांधावर तासन्‌तास चालू असते आणि तिच्या मागे दहा-पंधरा माणसं डोक्यावर घड घेऊन ये-जा करत असतात. जाळी काढली की ती काजळी त्यांच्या छातीत जाणार. गाडीचा त्रास मजुराच्या फुप्फुसात ढकलून दुरुस्ती झाली असं मी म्हणू शकत नाही.

वॉरंटी

कुटुंबानं वाढीव वॉरंटी घेतलेली होती. सर्व्हिस सेंटरनं सुरुवातीला साफ नाकारलं: एक सर्व्हिस लांबली, एकदा ऑइल बाहेरचं. दोन्ही कागदावर खरं होतं. नानांनी मात्र दुसरा कागद पुढे केला, 2023 पासून दिवा लागल्याच्या जुन्या जॉबकार्डांची फाइल. त्यात कुठेही ऑइलची पातळी तपासल्याची नोंद नव्हती. ऑइल पातळ होण्याचा धोका तंत्रज्ञाला माहीत असणं अपेक्षित आहे, मग पट्टी का बघितली नाही? जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारीही झाली होती. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते हे वकिलांनी सांगितलं. शेवटी टर्बोची किंमत सर्व्हिस सेंटरनं सोसली, बाकी घरच्यांनी. घरच्यांचा भाग लाखाच्या पुढे गेला.

माझं मत विचाराल तर चूक सर्वांत आधी शोरूममध्ये झाली. दोन भाऊ समोर बसलेले, दोघांचे उद्योग वेगळे, आणि विचारलं गेलं ते फक्त रंग आणि हप्ता. "गाडी रोज किती लांब जाणार? सलग किती वेळ चालणार?" एवढे दोन प्रश्न विचारले असते तर आप्पांना पेट्रोलची गाडी सुचवता आली असती. जाळीची माहिती पुस्तकात आहे, इंग्रजीत. पट्टी बघणारा माणूस ते पुस्तक वाचू शकत नव्हता.

सध्या

इंजिन बांधलं: बेअरिंगं, टर्बो, ऑइल पंप, सगळ्या नळ्या धुऊन. जाळी काढून बाहेर साफ करून घेतली. राखेचा भार कमी झाला, पण नव्यासारखी ती झालेली नाही. पुढे कधीतरी बदलावी लागेल आणि तो खर्च मोठा आहे, हे आप्पांना स्पष्ट सांगून ठेवलं आहे.

वावरात जायला आता घरातली जुनी पेट्रोल हॅचबॅक निघते. बांधावर आप्पांसाठी शेडनेटचा मांडव घातला आहे, त्यामुळे एसीसाठी इंजिन चालू ठेवायची गरज उरली नाही. एसयूव्ही आठवड्यातून एकदा तरी जळगावला जाते. भुसावळच्या पुढे चौपदरी रस्त्यावर ड्रायव्हर ती एक गिअर खाली ठेवून, दोन हजारांच्या वर आरपीएम धरून, वीस मिनिटं सलग चालवतो, आणि जाळणं चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबत नाही. जॉबकार्डावर मी किलोमीटरच्या शेजारी तास लिहितो. ऑइल अडीचशे तासांना किंवा सहा महिन्यांना बदलायचं ठरवलं होतं.

पहिल्या बदलीच्या वेळी निघालेलं ऑइल ड्रायव्हरनं मापाच्या डब्यात मोजलं. साडेपाच घातलं होतं, पाऊण कप जास्त भरलं. त्यानं स्वतःच सुचवलं की पुढची बदली दोनशे तासांना करू, आणि आम्ही तसं कार्डावर लिहिलं.